मी प्याचे, म्हणजे मला आवडतं

भाषेच्या गजाली : वाचकांची पत्रं आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो की, एका इटालियन प्रवासी बोटीवर १९ वर्षं काढून बोरीला परत आलो तेव्हा माझ्याजवळ दोन ट्रंका, एक दुखरा गुडघा आणि इटालियन भाषा एवढाच ऐवज होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या खेपेला शुद्धलेखनाच्या तक्रारी बाजूला ठेवल्या आहेत. ऱ्हस्व-दीर्घ कुठे पळून जात नाहीत.

प्रश्न : भाऊ, मी डिचोलीला प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४१. डिसेंबरात चौथीच्या मुलांची सहल घेऊन जुन्या गोव्याला गेले होते. बॉम जेझस चर्चमध्ये गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, समाधीपाशी एक म्हातारं इटालियन जोडपं उभं होतं. बाई नवऱ्याला हातवारे करून काहीतरी समजावत होती. मला एक अक्षर कळलं नाही, पण मुलं मोजायची सोडून मी ऐकत राहिले. प्रत्येक शब्द स्वरावर येऊन टेकत होता, पायरीवर पाय टेकावा तसा. घरी येऊन फोनवर ॲप टाकलं. आता चार महिने झाले. भाकरी थापतानाही तोंडात ऊनो, दूए, त्रे चालू असतं. यजमान म्हणतात, शिकायचंच तर जर्मन शिक, निदान शिकवणी घेता येईल. सासूबाई म्हणतात, पोर्तुगीज गेले, आता हे कोण नवीन आले? मला इटलीला जायचं नाही, तेवढे पैसेही नाहीत. त्यात ॲप सगळं इंग्रजीतून शिकवतं आणि माझं इंग्रजी शाळेपुरतं. हे वेड सोडून द्यावं का? — एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : ताई, सोडू नका. पण इंग्रजीचा हात मात्र सोडा.

आधी तुम्ही कुठे उभ्या होता ते सांगतो. ती समाधी गोव्यात घडलेली नाही. वरची चांदीची पेटी आपल्या गोव्याच्या सोनारांनी १६३७ च्या सुमारास केली. तिच्याखालचा रंगीत संगमरवराचा चौथरा आहे ना, तो फ्लॉरेन्सचा. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने तो भेट म्हणून पाठवला. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराने त्यावर दहा वर्षं काम केलं. मग त्याचे भाग जहाजातून इथे आले आणि १६९८ मध्ये जुळवले गेले. त्या बाई नवऱ्याला बहुधा हेच सांगत असणार : बघा, हा आपल्याकडचा दगड. म्हणजे इटालियन तुमच्या कानावर पडली ती अगदीच परक्या जागी नाही.

आता इंग्रजीबद्दल. माझी पहिली दोन वर्षं इंग्रजीने खाल्ली. बोटीवर मी होतो पास्तिच्चेरेचा, म्हणजे मिठाईवाल्या आचाऱ्याचा मदतनीस. तो नेपल्सचा. एका पहाटे त्याने भट्टीतून काढलेली गरम स्फोल्यातेल्ला माझ्या हातावर ठेवली. शिंपल्यासारखी, आपल्या चिरोट्याची लांबची बहीण म्हणा. विचारलं, ‘ती प्याचे?’ आवडली का? मी डोक्यात इंग्रजी वाक्य जुळवलं, ‘मी’साठी ‘ईयो’ घेतलं, त्याच्यापुढे क्रियापद ठेवलं आणि ऐटीत म्हणालो, ‘ईयो प्याचे.’ तो पिठाच्या हातांनी पोट धरून हसला. त्याला कळलं ते असं की, मी स्वतःच स्वादिष्ट आहे.

बरोबर वाक्य होतं ‘मी प्याचे’. त्यातला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. मला आवडते. आवडणारी वस्तू कर्ता, आणि क्रियापद तिच्या मागे चालणार. मला मासा आवडतो, मला मासे आवडतात. तिथे ‘मी प्याचे’ आणि अनेकवचनी ‘मी प्याच्चोनो’. इंग्रजीत ‘आय’ पुढे छाती काढून उभा असतो आणि वस्तू मागे ताटकळते. मराठीत तसं नाही, इटालियनमध्येही नाही. रात्री बंकावर पडल्या पडल्या मला हे सुचलं आणि मी खालच्या बंकावरच्या काणकोणच्या पोराला उठवून सांगितलं. त्याने मला जी शिवी दिली ती शुद्ध कोंकणीत होती.

त्या रात्रीपासून मी एक नियम केला. इटालियन वाक्य अडलं की इंग्रजीकडे जायचं नाही, आधी मराठीला विचारायचं. दर वेळी उत्तर मिळत नाही, पण मिळतं तेव्हा असं मिळतं की हसू येतं. तुमचं ॲप तुम्हाला ‘मी गेले’ हे इंग्रजीतून शिकवत असेल. इंग्रजीत बाई गेली काय आणि बुवा गेला काय, शब्द तोच. इटालियनमध्ये मी म्हणणार ‘सोनो आन्दातो’, तुम्ही म्हणणार ‘सोनो आन्दाता’. मी गेलो, मी गेले. तुम्हाला यात शिकण्यासारखं काय आहे? दोन वर्षांच्या होतात तेव्हाच शिकलात.

त्याच्याही पुढची गंमत ऐका. आपण म्हणतो, भात खाल्ला, भाकरी खाल्ली. खाल्लेल्या वस्तूचं लिंग क्रियापदाला चिकटतं. बोटीवरचे इंग्रजी बोलणारे इथे रडायचे. इटालियनमध्ये हे सगळीकडे होत नाही, पण ‘ती कुठाय?’ ‘ती मी खाल्ली’ असं सर्वनाम पुढे आलं की होतं. ‘लो मांजाता’, ती खाल्ली. ‘लो मांजातो’, तो खाल्ला. मराठी माणसाने नुसती मान डोलवायची.

आणि अंडं! तुम्ही चौथीला लिंग शिकवता, म्हणून हे खास तुमच्यासाठी. इटालियनला दोनच लिंगं, पण अंडं तिथे एकटं असताना पुल्लिंगी असतं, ‘उओवो’, आणि अनेक झाली की स्त्रीलिंगी होतात, ‘उओवा’. व्याकरणाच्या पुस्तकात याला अपवाद म्हणून मोकळे होतात. खरी गोष्ट अशी की त्यांच्या आजीला, लॅटिनला, आपल्यासारखंच नपुंसकलिंग होतं आणि अंडं त्यात होतं. आजी गेली, घर मोडलं, तिसरं लिंग गेलं, पण अशी काही भांडी मागे राहिली. माणसाचं हाडही त्यातलंच : एक ‘ओस्सो’, अनेक ‘ओस्सा’. मराठीत ते अंडं आणि ते हाड. आपण अजून त्या जुन्या घरात राहतो, म्हणून आपल्याला ती भांडी ओळखू येतात.

उच्चारांतही आपलं नशीब थोर. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च वेगळे, हे हिंदीवाल्यांना सांगून थकायला होतं. इटालियनमध्ये दोन्ही आहेत. ‘चाव’ म्हणताना चहाचा च. ‘प्यात्सा’ म्हणजे चौक, तिथे चाकाचा च, जरा जोर देऊन. तसंच ‘बुओनजोर्नो’मध्ये जीवाचा ज आणि ‘झेरो’, म्हणजे शून्य, यात जावयाचा ज. त आणि द तर आपलेच, दातांना जीभ लावून. तुमच्या वहीत इटालियन शब्द देवनागरीत लिहा. लाज वाटू देऊ नका. रोमन लिपीत वाचलं की जीभ आपोआप इंग्रजी होते. शब्दाचं स्पेलिंग नंतर शिका, ते सोपंच आहे, लिहिल्याबरहुकूम वाचायचं.

सासूबाईंना मात्र सांगा की हे नवीन कोणी नाहीत. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा एक व्यापारी १५८३ मध्ये मिऱ्याच्या धंद्यासाठी या किनाऱ्यावर उतरला. आला होता वजनं-मापं करायला, पण कान तुमच्यासारखे. संस्कृताबद्दल त्याने चौकशी केली आणि १५८५ च्या एका पत्रात घरी कळवलं की, या लोकांचे बरेच शब्द आपल्यासारखे आहेत. सहा, सात, आठ, नऊ. देव. सर्प. तिकडे ‘सेइ, सेत्ते, ओत्तो, नोवे’, ‘दीओ’, ‘सेर्पे’. विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळाच्या असाव्यात असं भाषण केलं ते १७८६ मध्ये. हा मिरीवाला त्याच्या २०० वर्षं आधी. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. पुढच्या वेळी भाकरी थापताना ‘सेइ, सेत्ते’ म्हणाल तेव्हा त्याची आठवण ठेवा. मला स्वतःला सगळ्यात आवडलेली जोडी वेगळी आहे. बोटीला इटालियनमध्ये म्हणतात ‘नावे’. आपली नाव. तीही ‘ती’च.

यजमानांचा हिशेब चुकीचा नाही, जर्मनला बाजारात भाव आहे. पण तुम्ही शिकवणीसाठी शिकत नाही आहात. जुन्या गोव्यात मुलं मोजायला विसरलात, तेव्हाच ते ठरलं. मुलं सगळी परत आली ना?

ता. क. शब्द एकटा पाठ करू नका, त्याचं ‘इल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) लावून पाठ करा. आपण ‘मीठ’ शिकताना ‘ते मीठ’ असं कुणी शिकवलं नाही, पण परक्याला शिकवावं लागतं. आणि इथे तुम्ही परक्या. हात म्हणजे ‘मानो’, ओकारान्त, पण स्त्रीलिंगी : ‘ला मानो’. का, ते त्यांनाही विचारू नका.

प्रश्न : मी मडगावचा. वय ७९. लिसेवपर्यंत, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलापर्यंत, पोचलो नाही, पण सेगुंद ग्राव, म्हणजे प्राथमिकचा दुसरा टप्पा, केलेलं आहे आणि अजून पोर्तुगीज वाचतो. नात इटालियन शिकते, तिच्या नादाने मीही बसतो. ती म्हणते, ‘आजोबा, तुमच्यामुळे माझं बिघडतं.’ परवा तिने वाचून दाखवलं की नाश्त्याला पावाबरोबर ‘बुर्रो’ खातात. मी इतका हसलो की ठसका लागला. पोर्तुगीज माझ्या उपयोगाचं की अडचणीचं? — एक आजोबा

उत्तर : काका, तुमचं हसणं रास्त आहे. पोर्तुगीजमध्ये तो गाढव, आणि वर्गात मास्तरांनी तो शब्द तुम्हालाही कधीतरी बहाल केला असेल. इटालियनमध्ये ते साधं लोणी. पावावर गाढव फासायचं नाही.

उपयोगाचं की अडचणीचं, तर वाचताना उपयोगाचं, बोलताना अडचणीचं. वाचताना तुम्हाला एक किल्ली देतो. पोर्तुगीजमधल्या शेवटच्या ‘आंव’च्या जागी बहुतेक वेळा इटालियन ‘ओने’ किंवा ‘आने’ ठेवतं. तुमचा पांव तिकडे ‘पाने’, साबांव तिकडे ‘सापोने’, लिमांव ‘लिमोने’, स्टेशन ‘स्तात्स्योने’. नातीला दहा शब्द एका दमात सांगून टाका, ती पुन्हा तक्रार करणार नाही. त्यातले कितीतरी आपल्या मराठीत आधीच येऊन बसलेत. साबण झाला. चावी तिकडे ‘क्यावे’. पगार तर महिन्याच्या एक तारखेला आपण पोर्तुगीजच बोलतो; इटालियनमध्ये ‘पागारे’ म्हणजे पैसे देणे. बटाटा ‘पाताता’, अननस ‘आनानास’. पण खिडकीला जनेल म्हणाल तर फसाल, ती तिकडे ‘फिनेस्त्रा’.

बोलताना दोन गोष्टी सांभाळा. पोर्तुगीज माणूस स्वर गिळतो. इटालियन माणूस एकही स्वर वाया घालवत नाही. ताटातलं शीत वेचून खाणाऱ्या म्हाताऱ्यांसारखं शेवटचं अक्षर पुसून खातो. दुसरं, अनेकवचन करायला शेवटी ‘श’ लावायची तुमची सवय. ती सोडा. तिथे शेवटचा स्वर बदलतो : पुस्तक ‘लीब्रो’, पुस्तकं ‘लीब्री’. केळं-केळी, तशातलं.

आणि काही सापळे. ‘काल्दो’ म्हणजे तुमचं सार नव्हे, गरम. ‘सालीरे’ म्हणजे बाहेर पडणं नव्हे, वर चढणं. हे जिन्यावर चुकलं तर अवघड. नातीने केलेल्या पदार्थाला ‘स्क्विझीतो’ म्हणा. तुम्हाला वाटेल आपण त्याला विचित्र म्हणतोय, पण इटालियनमध्ये तो फार रुचकर होतो.

तुमच्या पिढीसाठी आणखी एक. आपल्याकडे प्रत्येक वाड्यावर एक कायतान असतो. हे नाव पोर्तुगालमार्गे आलं असलं तरी मूळ माणूस इटालियन. संत गाएतानो, जन्म विचेन्त्साचा, १४८०. जुन्या गोव्यातलं सां कायतानचं चर्च बांधलं तेही त्याच्या पंथाच्या इटालियन पाद्र्यांनी, रोमच्या सेंट पीटरचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून. शेजारच्या कायतानला एकदा ‘गाएतानो’ म्हणून हाक मारून बघा. ओ दिली तर कळवा.

प्रश्न : काका, मी फोंड्याचा, हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला. सहा महिन्यांनी बोटीवर जायचा विचार आहे, बहुतेक इटालियन कंपनीच्या. सहा महिन्यांत इटालियन येईल का? परीक्षा कुठली द्यावी? आणि खरंच लागते का, की इंग्रजीवर भागतं? — एक विद्यार्थी

उत्तर : बाबू, भागतं इंग्रजीवर. खलाशी दहा देशांचे, हुकूम इंग्रजीत, सुरक्षेचं प्रशिक्षण इंग्रजीत. इटालियन नाही आली म्हणून कुणी तुला समुद्रात टाकणार नाही. पण गॅलीमध्ये, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, जेवायला बसताना कुणाच्या टेबलाशी तुला जागा सरकवून देतात, हे इंग्रजीने ठरत नाही.

सहा महिन्यांत ‘येणार’ नाही. पहिली पायरी चढशील. एकूण सहा पायऱ्या मानतात, ए१ पासून सी२ पर्यंत. परीक्षा सिएनाच्या विद्यापीठाची आहे, तिला ‘चिल्स’ म्हणतात, आणि पेरुजाची ‘चेली’. दोन्ही विद्यापीठं खास परदेशी लोकांना इटालियन शिकवणारी. पण बोटीवर जाण्याआधी त्या फंदात पडू नकोस. फीचे पैसे चांगल्या बुटांवर घाल. दिवसाचे दहा-अकरा तास उभं राहायचं आहे. माझा गुडघा साक्षीला आहे.

त्याऐवजी एकच गोष्ट शिकून जा : जोडाक्षरं. मी शिकलो नाही, म्हणून माझं काय झालं ते सांगतो. संपादकांनी गाळलं नाही तर.

पहिल्या वर्षी मी डायनिंग हॉलमधून गॅलीत ऑर्डरी पोचवायचो. टेबलावर दोघांनी मागवला ‘पेन्ने आल्लार्राब्ब्याता’, तिखट टोमॅटोच्या सॉसमधला नळीचा पास्ता. पेन्ने म्हणजे पिसं, टाक. नळ्या तिरक्या कापलेल्या असतात म्हणून. मी इंग्रजीच्या सवयीने जोडाक्षर सपाट करून गॅलीच्या दारातून ओरडलो, ‘दूए पेने!’ भर गर्दीत सगळे थांबले. तव्यावरची माणसं वळली. एका न ने काय होतं ते मला नंतर कळलं : तो शब्द पुरुषाच्या एका अवयवाचा. आणि ‘आर्राब्ब्याता’ म्हणजे संतापलेली. पुढचं तू समजून घे. तो प्रवास संपेपर्यंत मला गॅलीत कुणी नावाने हाक मारली नाही.

मला राग आला तो स्वतःचा. कारण आपल्याला ही चूक व्हायलाच नको. ‘आता येतो’ आणि ‘आत्ता येतो’ यात काय फरक आहे हे फोंड्याच्या बसस्टँडवरच्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे. पहिला संध्याकाळपर्यंत येतो, दुसरा निघालेला असतो. आपण आयुष्यभर जोडाक्षरं नीट बोलतो आणि रोमन लिपी दिसली की विसरतो. ‘कापेल्लो’ म्हणजे केस, ‘काप्पेल्लो’ म्हणजे टोपी. ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. वय सांगताना तर डोळ्यांत तेल घाल. इटालियनमध्ये वय ‘असतं’, मला २० वर्षं आहेत असं म्हणतात, आणि वर्षं म्हणजे ‘आन्नी’. त्यातला एक न खाल्लास तर देहाच्या पाठीमागच्या भागाचं अनेकवचन होतं आणि तू वीस मोजून सांगतोस.

बाकी, आकडे शंभरापर्यंत पाठ कर. आपले आकडे आठव, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, प्रत्येकाचं वेगळं रूप. त्यांचे त्या मानाने विटा रचल्यासारखे. ‘प्रेगो’ हा शब्द खिशात ठेव. या, बसा, घ्या, आधी तुम्ही, आभार कसले, पुन्हा सांगता का, सगळ्याला चालतो. ‘चाव’ मात्र पाहुण्याला नको. तो शब्द वेनिसच्या बोलीतला, मूळ अर्थ ‘आपला दास’, आपल्या जुन्या पत्रांतल्या ‘दासानुदासा’सारखा. आज तो बरोबरीच्या दोस्ताला म्हणतात, पाहुण्याला ‘बुओनजोर्नो’. पाहुण्याशी बोलताना ‘लेइ’, मित्राशी ‘तू’. हो, तू म्हणजे तूच. शिकायची गरज नाही.

एक सावधगिरी. गॅलीतली भाषा म्हणजे सगळी इटालियन नव्हे. माझा पास्तिच्चेरे मला ‘ग्वाल्यो’ म्हणायचा आणि वर्षभर मला वाटलं तो माझ्या आडनावाचा चुकीचा उच्चार करतोय. ते नेपल्सच्या बोलीत ‘पोरा’. इटली एक देश झाला १८६१ मध्ये. तेव्हा बहुतेक माणसं आपापल्या गावची बोली बोलत होती आणि आज आपण शिकतो ती भाषा मुळात फ्लॉरेन्सच्या साहित्याची. एकदा जेनोव्हाच्या बंदरालगत एका गल्लीत मी फोकाच्चा, म्हणजे त्यांचा चपटा पाव, घ्यायला गेलो. दुकानदारीण माझं वाक्य ऐकून थबकली. माझा चेहरा बघितला, माझी बोली ऐकली, आणि विचारलं, ‘नापोलेतानो?’ बोरीचा माणूस, नेपल्सचा ठरला. इतका आनंद मला पगारवाढीनेही झाला नव्हता. फोकाच्चाचे पैसे मात्र तिने पूर्ण घेतले.

या गोंधळाला शिस्त लावायला फ्लॉरेन्समध्ये १५८३ साली एक संस्था निघाली. तिचा शब्दकोश १६१२ चा. संस्थेचं नाव ‘क्रुस्का’, म्हणजे कोंडा. पिठातून कोंडा वेगळा करावा तशी भाषा चाळायची. मी १९ वर्षं मैद्याच्या पोत्यांत काढली आहेत म्हणून सांगतो, कोंड्याचाही पाव चांगला होतो. आपला पोदेर, म्हणजे पाववाला, पोळ्यांना, म्हणजे गोव्याच्या त्या गोल पावांना, लावतोच की.

प्रश्न : मी साखळीचा, सरकारी नोकरीत. माझी पत्नी दोन महिन्यांपासून मोबाइलवर इटालियन शिकते. दुपारी सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातून ओरडते, ‘आ मांजारे! आ मांजारे!’ आमच्या घरात मांजर नाही. परवा म्हणाली, ‘मेला खाल्ला.’ मी घाबरून आत गेलो. काय करावं? — एक पती

उत्तर : जेवायला जावं, आणि लगेच जावं. ‘मांजारे’ म्हणजे खाणे, ‘आ मांजारे’ म्हणजे चला जेवायला. वहिनी मांजर नाही, तुम्हाला बोलावत आहेत. दोन महिने तुम्ही बाहेर बसून मांजर शोधत होता आणि आत जेवण निवत होतं, हे त्यांना या अंकातून कळू नये अशी व्यवस्था तुम्हीच करा. ‘मेला’ म्हणजे सफरचंद. स्त्रीलिंगी आहे, ‘ला मेला’, तेव्हा खाल्ला नव्हे, खाल्ली. एवढं त्यांना सांगा, खूश होतील.

जेवण झाल्यावर ‘मी प्याचे’ म्हणा. आमटी अळणी असेल तर मीठ साध्या मराठीत मागा. इटालियनमध्ये मिठाला ‘साले’ म्हणतात, आणि रविवारी तुमचे मेहुणे जेवायला असण्याची शक्यता आहे.